फोन, सिम आणि टॉवर: मोबाईल नेटवर्कचे प्रकार समजून घेऊन निवड कशी करायची

"फोन ५जी आहे, रिचार्ज ५जीचा आहे, मग गावाकडं गेलं की नेट का चालत नाही?" हा प्रश्न मला पाहुण्यांत, गल्लीत, कामावर सगळीकडं ऐकू येतो. आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, शेती राधानगरी तालुक्यात भोगावतीच्या काठाला, बहीण चंदगडला दिलेली आणि माझी नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. या चार ठिकाणी एकच सिम चार तऱ्हांनी वागतं. घरातल्या सगळ्यांचे फोन, सिम आणि शेतातल्या मोटारीचा स्टार्टर मार्गी लावताना जे समजत गेलं, ते इथं क्रमानं मांडतो. पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणारे, नोकरी-शिक्षणासाठी कोल्हापुरात नव्यानं आलेले आणि आईवडिलांसाठी फोन निवडणारे असे तिघे डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नेटवर्क मिळायला तीन गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात: तुमच्या फोनला कुठल्या लहरी पकडता येतात, तुमच्या सिमवर कुठली सेवा सुरू आहे आणि तुम्ही बसता त्या जागी कुठल्या कंपनीचा कुठला टॉवर पोचतो. यातली एक जरी जुळली नाही तरी खोक्यावरच्या '५जी'ला काही अर्थ उरत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी तिन्ही तपासायच्या, आणि त्या आपल्या स्वतःच्या जागेवर.

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- सध्याचा फोन, आणि असेल तर त्याचं खोकं किंवा बिल
- फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक (*#०६# डायल केलं की दिसतो)
- सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं मूळ आधार कार्ड
- त्या आधारला जोडलेला, चालू असलेला मोबाईल नंबर
- वही-पेन

१. पिढ्या ओळखा: २जी ते ५जी

भारतात मोबाईलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला होता. ते तंत्र होतं जीएसएम, म्हणजे आपण ज्याला २जी म्हणतो ते. बोलणं आणि एसएमएस एवढंच त्याचं मूळ काम. इंटरनेट त्यावर नंतर चढवलं गेलं, आधी जीपीआरएस आणि मग त्याहून थोडं वेगवान एज. एजवर प्रत्यक्षात सेकंदाला शंभर-दोनशे किलोबिट मिळाले तरी भाग्य. व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, फोटो रखडतो, व्हिडिओचं नाव काढू नये.

त्याच काळात सीडीएमए नावाचं वेगळं तंत्रही आलं होतं. रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमचे ते स्वस्त फोन अनेकांना आठवत असतील; बऱ्याच फोनांत सिमच नसायचं, नंबर थेट फोनमध्येच भरलेला. ती सेवा देशात बंद झाली आहे. कपाटात तसा फोन असेल तर तो आता कुठल्याही कंपनीवर चालणार नाही, दुरुस्तीवर पैसे घालू नका.

३जी सरकारी कंपन्यांनी आधी आणलं. एमटीएनएलनं २००८ च्या अखेरीस दिल्लीत, बीएसएनएलनं २००९ मध्ये इतरत्र. खासगी कंपन्यांना २०१० च्या लिलावानंतर लहरी मिळाल्या. स्मार्टफोन आपल्याकडं रुळले ते या पिढीत. पण आज ३जी जवळपास संपलेलं आहे. एअरटेलनं २०२० पर्यंत ते बंद केलं, व्होडाफोन-आयडियानंही नंतर तेच केलं, कारण त्याच लहरींवर ४जी चालवलं तर जास्त लोकांना जास्त वेग देता येतो. याचा फटका कुणाला बसतो? ज्यांच्याकडं जुना, चांगल्या स्थितीतला ३जी स्मार्टफोन आहे त्यांना. तो फोन आता थेट २जीवर उतरतो. सेकंडहँड फोन घेताना दुकानदार 'इंटरनेट चालतं' असं म्हणेल, ते खोटंही नसेल, पण चालेल ते एजच्या वेगानं.

४जी, म्हणजे एलटीई, ही आजची खरी कामाची पिढी. एअरटेलनं एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरुवात केली, पण घरोघरी ४जी पोचलं ते ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाल्यावर. या पिढीत एक मोठा बदल आहे, तो नीट समजून घ्या. ४जीचं सगळं जाळं इंटरनेटसाठी बांधलेलं आहे. त्यात जुन्या पद्धतीच्या कॉलची वेगळी वाटच नाही. त्यामुळं कॉल दोन प्रकारे होतो. एक, फोन कॉलपुरता ४जी सोडून २जीवर उतरतो आणि बोलणं संपलं की परत वर जातो. दोन, आवाजही इंटरनेटच्या वाटेनंच जातो. याला व्होएलटीई म्हणतात. बोलताना नेट बंद पडत असेल तर तुमच्या फोनवर व्होएलटीई सुरू नाही, एवढं समजा. दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो.

जिओकडं २जी आणि ३जी मुळातच नाही. जिओचं सिम घातलेल्या फोनमध्ये व्होएलटीई नसेल तर साधा कॉलही लागत नाही. आजीसाठी बटणांचा फोन घेताना हे पक्कं लक्षात असू द्या. बटणांचे ४जी फोन मिळतात, पण ते मुद्दाम बघून घ्यावे लागतात.

५जी देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. त्याचेही दोन प्रकार आहेत. एनएसए म्हणजे ४जीच्या आधारानं चालणारं ५जी: फोन आधी ४जी टॉवरशी जोडला जातो आणि जिथं ५जी मिळतं तिथं त्याची जोड घेतो. एसए म्हणजे स्वतःच्या पायावर उभं असलेलं ५जी. जिओनं एसएचा रस्ता धरला, एअरटेलनं सुरुवात एनएसएनं केली. तुमच्यामाझ्यासाठी फरक असा की फोनला दोन्ही प्रकार यायला हवेत. फक्त एनएसए येणारा सुरुवातीच्या काळातला फोन जिओच्या ५जीवर चालणार नाही. बीएसएनएलनं मधल्या काळात देशी बनावटीची यंत्रणा वापरून ४जी उभं केलं; त्याचं देशव्यापी उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं.

आता शेतकऱ्यांसाठी थोडं थांबतो, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. नदीकाठच्या मोटारी घरबसल्या चालू-बंद करायला आपल्याकडं मोबाईल स्टार्टर सर्रास बसवले जातात. त्यातली बरीच यंत्रं २जीची आहेत. त्यात जिओचं सिम घालून उपयोग नाही, ज्या कंपनीचं २जी अजून चालू आहे तिचंच सिम लागतं. नवा स्टार्टर घेताना विक्रेत्याला थेट विचारा: हे २जी आहे का ४जी, आणि ४जी असेल तर व्होएलटीईवर कॉल घेतं का? ३जी गेलं तसं २जीही कधीतरी जाणार, तेव्हा पाच-दहा वर्षं टिकावं अशा यंत्रात ४जीसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. पेटीत अँटेना बाहेर काढलेला असावा; लोखंडी पेटीच्या आत ठेवलेला अँटेना सिग्नल गमावतो.

२. पडद्यावरची खूण वाचायला शिका

सिग्नलच्या दांड्यांशेजारी इंग्रजी अक्षर दिसतं. 'जी' म्हणजे जीपीआरएस, 'ई' म्हणजे एज, 'एच' किंवा 'एच प्लस' म्हणजे ३जी. '४जी' आणि 'एलटीई' एकच. '४जी प्लस' दिसलं तर फोन एकाच वेळी दोन किंवा जास्त लहरपट्ट्या जोडून वापरतोय. 'आर' म्हणजे रोमिंग.

दोन इशारे. दांड्या किती दाखवायच्या याचं सर्वांना बंधनकारक माप नाही, प्रत्येक फोन कंपनी आपल्या हिशेबानं दाखवते. म्हणून माझ्या फोनच्या चार आणि तुमच्या फोनच्या दोन यांची तुलना करू नका. आणि एनएसएवर '५जी' खूण दिसत असली तरी त्या क्षणी डेटा ४जीवरून जात असू शकतो.

३. बँड समजून घ्या, म्हणजे निम्मं कोडं सुटतं

पिढीपेक्षाही जास्त फरक कशानं पडत असेल तर तो बँडनं. बँड म्हणजे लहरपट्टा. सरकार लिलावात कंपन्यांना ठरावीक पट्टे देतं, आणि कुठला पट्टा कुठं वापरायचा ते कंपनी ठरवते.

लहरींचा नियम साधा आहे. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडं असली की घरात बसून ढोलाचा घुमारा ऐकू येतो, झांजा ऐकू येत नाहीत, लहरींचंही तसंच. मेगाहर्ट्झ म्हणजे लहर किती भराभर थरथरते त्याचं माप. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. जास्त मेगाहर्ट्झच्या लहरी लवकर विरतात, पण तिथं पट्टा रुंद मिळतो म्हणून वेग जास्त देता येतो.

त्यामुळं ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ हे गावाकडचे आणि जाड भिंतींचे पट्टे. १८०० आणि २१०० मधले. २३००, २५०० आणि ५जीचा ३५०० च्या आसपासचा पट्टा हे गर्दीच्या शहरी जागेचे. २६ गीगाहर्ट्झचाही लिलाव झाला आहे, पण त्या लहरी इतक्या लवकर अडतात की रोजच्या वापरात आपला त्यांच्याशी संबंध नाही असं धरून चाला.

कंपन्यांचं ढोबळ चित्र असं आहे. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, आणि ५जी ३५०० च्या पट्ट्यावर व ७०० वर. २०२२ च्या लिलावात ७०० घेणारी ती एकटीच कंपनी होती. एअरटेलकडं ९००, १८००, २१०० आणि २३००. व्होडाफोन-आयडियाकडं ९००, १८००, २१०० आणि २५००. बीएसएनएलचं नवं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० वर. सर्कलनुसार, म्हणजे मोबाईल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यांनुसार, यात फरक असतो, तरी फोन निवडायला एवढी माहिती पुरते.

फोनच्या माहितीपत्रकात हे मेगाहर्ट्झमध्ये लिहिलेलं नसतं, बँडच्या क्रमांकात असतं. ही जोडी वहीत उतरवून घ्या:

- बँड १ म्हणजे २१००
- बँड ३ म्हणजे १८००
- बँड ५ म्हणजे ८५०
- बँड ८ म्हणजे ९००
- बँड २८ म्हणजे ७००
- बँड ४० म्हणजे २३००
- बँड ४१ म्हणजे २५००
- ५जीसाठी एन ७८ म्हणजे ३५०० चा पट्टा आणि एन २८ म्हणजे ७००

आता कोल्हापूर जिल्ह्याकडं बघा. पूर्वेला शिरोळ, जयसिंगपूर, इचलकरंजी हा सपाट मुलूख. टॉवर लांबून दिसतो, सिग्नल अडत नाही. पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड ही सह्याद्रीची पट्टी. इथं डोंगराचा एक सोंड आडवा आला की दोन किलोमीटरवरचा टॉवरही निरुपयोगी. दाजीपूरच्या जंगलाकडं जाताना एका वळणावर रेंज येते आणि पुढच्या वळणावर जाते, ती यामुळं. अशा गावांत राहणाऱ्यांनी फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी बँड ५, ८ आणि २८ बघावेत. जुन्या पेठांत गोष्ट वेगळी. टॉवर जवळ असतो, पण दगडी किंवा जाड विटांच्या भिंती आणि मागच्या बाजूची आतली खोली. रस्त्यावर ५जी धावतं आणि माजघरात ४जीची एक दांडी उरते. तिथं फोन बदलून फार फरक पडत नाही. घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करा. कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जातो, वेगळे पैसे पडत नाहीत, आणि समोरच्याला साधाच कॉल आलेला दिसतो. फोन आणि कंपनी दोघांनी ती सोय दिलेली असायला हवी एवढंच.

४. फोन तपासा

विकत घेण्याआधी कंपनीच्या अधिकृत पानावर त्या नेमक्या मॉडेलच्या बँडची यादी बघा. एकाच नावाच्या फोनचे देशानुसार वेगळे प्रकार असतात, म्हणून मॉडेल क्रमांक जुळवा.

परदेशातून भाऊ किंवा पुतण्या फोन घेऊन येतो तेव्हा जास्त काळजी घ्या. अमेरिकेतल्या फोनमध्ये आपल्याकडचे काही बँड नसू शकतात. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच भरायचं सिम, चालतं. शिवाय तिथल्या कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला फोन लॉक असतो. आपलं सिम घातलं की तो नकार देतो. आणायला सांगतानाच 'अनलॉक आहे ना' हे विचारा.

सेकंडहँड फोन असेल तर दुकानातच तीन गोष्टी करा. *#०६# डायल करून आयएमईआय घ्या, तो खोक्याशी आणि बिलाशी जुळवा. मग इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक १४४२२ ला एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून अडवलेला आहे का ते कळतं. हीच सोय दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही आहे. तिसरं, स्वतःचं सिम घालून एक कॉल करा आणि कॉल चालू असतानाच एखादं पान उघडून बघा. पान उघडलं तर व्होएलटीई चालतंय.

जुन्या दोन सिमच्या फोनमध्ये एकाच खाचात ४जी चालायचं, दुसरा फक्त २जीचा असायचा. जिओ चालत नाही म्हणून फोन परत करायला निघालेल्या एका शेजाऱ्याचं काम नुसती सिमची जागा बदलून झालं.

५. सिम तपासा

खूप जुनं, २जी-३जीच्या काळातलं सिम ४जीला जोडलं जाईलच असं नाही. तसं असेल तर कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं नवं सिम घ्यावं लागतं. ४जीचं सिम मात्र जिओ आणि एअरटेलच्या ५जीला चालतं, वेगळं घ्यावं लागत नाही.

आणि नेमकं इथंच फसवणूक होते. 'तुमचं सिम ५जी करतो, हा मेसेज पाठवा' किंवा 'आलेला ओटीपी सांगा' असा फोन आला तर बोलणं तिथंच थांबवा. तो मेसेज गेला की तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिमवर चालू होऊ शकतो आणि मग बँकेचे ओटीपी त्याच्याकडं जातात. वडीलधाऱ्यांना हे एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगा. सिम बदलायचं तर स्वतः आधार घेऊन दुकानात जायचं.

नवं सिम घेतल्यावर आणखी एक गोष्ट होते. त्याच नंबरचं सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागानंच हा नियम केलेला आहे. त्यामुळं त्या दिवशी ओटीपी येणार नाहीत. सोसायटीचा हप्ता, कॉलेजची फी, गॅसचं बुकिंग असलं काही त्या दिवसावर ठेवू नका.

संचार साथीवर आपल्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत तेही दिसतं. एका माणसाला महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ घेता येतात. ओळखीचा नसलेला नंबर यादीत दिसला तर तिथूनच तक्रार करता येते. हे काम प्रत्येकानं करावंच.

६. आपल्या जागेवर मोजा

इथं घाई करू नका. शेजारी 'अमक्या कंपनीची रेंज मस्त आहे' म्हणतो तेव्हा तो त्याच्या गच्चीबद्दल बोलत असतो. तुम्हाला तुमच्या खोलीतलं, गोठ्यातलं, दुकानातल्या गल्ल्यापाशी लागणारं नेटवर्क हवंय.

दांड्यांऐवजी आकडा वाचा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस इथं सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसते. अनेक फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल करूनही तपशील उघडतो, सॅमसंगमध्ये *#००११#, आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* करून कॉलचं बटण दाबायचं. आकडा ऋण असतो आणि शून्याकडं जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी माझा अंदाज असा: उणे ८० ते ९० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे काम भागतं, उणे ११० ला व्हिडिओ कॉल अडखळतो, उणे १२० ला नेटवर्क गेल्यातच जमा. १० चा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक, म्हणून ९५ आणि १०५ यांत फारसं अंतर नाही असं समजू नका.

दोन-तीन जागी आकडा लिहा, वेगही तपासा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचं मायस्पीड ॲप मोफत आहे. सकाळी एकदा आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान एकदा असं बघा, कारण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर किंवा नवरात्रात महाद्वार रोडला फोन पूर्ण दांड्या दाखवतो आणि यूपीआयचा व्यवहार अडकून पडतो. सिग्नल असतो, जागा नसते. अशा वेळी फोन हातानं २जीवर किंवा फक्त ४जीवर टाकून बघणं कधीकधी उपयोगी पडतं. यात्रेला जाताना थोडी रोख जवळ असावी.

आणखी एक अनुभव सर्वांना येतो: समोरच्याचा आवाज स्पष्ट येतो, पण आपला त्याला तुटक जातो. टॉवरची ताकद मोठी, आपल्या फोनची जेमतेम पाव वॅटच्या आसपास. टॉवरचं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला नाही. खिडकीशी किंवा अंगणात येऊन बोललं की फरक पडतो. कमकुवत सिग्नलमध्ये फोन पूर्ण ताकदीनं ओरडत राहतो, त्यामुळं बॅटरीही भराभर उतरते; वाड्या-वस्त्यांवर नव्या फोनची बॅटरी टिकत नाही अशी तक्रार असते ती बऱ्याचदा याचमुळं.

सिग्नल वाढवणारा बूस्टर ऑनलाइन मिळतो, तो घेऊ नका. परवान्याशिवाय असा बूस्टर बसवणं बेकायदेशीर आहे आणि त्यानं आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं.

दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क बघायचं तर पाहुण्यांचा फोन मागून त्याच खोलीत आकडा बघा, नाहीतर सर्वांत लहान रिचार्जचं प्रीपेड सिम घेऊन काही दिवस दुसऱ्या खाचात वापरा. कंपन्यांनी आपापल्या वेबसाइटवर नकाशे दिलेत, ते सुरुवातीला बघायला ठीक. डोंगरातल्या गावासाठी मात्र स्वतः मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

७. सीमेवर राहत असाल तर

मोबाईल सेवेच्या नकाशात कोल्हापूर 'महाराष्ट्र आणि गोवा' सर्कलमध्ये येतं, मुंबई वेगळं सर्कल आहे. निपाणी, बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. कागलच्या पुढं किंवा चंदगडच्या कडेच्या गावांत फोन घरात बसल्या बसल्या कर्नाटकचा टॉवर पकडतो. देशातल्या रोमिंगला आता सहसा वेगळे पैसे पडत नाहीत, पण सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर काही फोनमध्ये कॉल चालतात आणि नेट थांबतं. बहिणीच्या घरी नेट 'सारखं जातं' त्याचं कारण हेच निघालं. सेटिंग्जमध्ये मोबाईल नेटवर्क इथं जाऊन डेटा रोमिंग चालू करा. भारताबाहेर जाताना मात्र ते आठवणीनं बंद करा, तिथलं बिल मोठं येतं.

८. कंपनी बदलायची ठरली तर

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, आणि जुलै २०१५ पासून दुसऱ्या सर्कलमध्येही तोच नंबर नेता येतो. नागपूर, मुंबई किंवा बेंगळुरूहून कोल्हापुरात आलेल्यांनी नंबर सोडायचं कारण नाही.

आधीच्या कंपनीकडं नंबर चालू होऊन ९० दिवस झालेले हवेत. पोस्टपेडचं बिल बाकी नको. आणि सिम नुकतंच बदललं असेल तर ७ दिवस पोर्ट, म्हणजे नंबर ठेवून कंपनी बदल, करता येत नाही. हा नियम जुलै २०२४ पासून आहे, म्हणून आधी सिम बदलायचं आणि लगेच कंपनी बदलायची असा क्रम ठेवू नका.

मग इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि हा एसएमएस १९०० ला. ८ अक्षर-अंकांचा कोड येतो. आपल्याकडं तो ४ दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सोबत मूळ आधार. ते नको असेल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असा दुसरा मान्य पुरावा. फोटो तिथंच काढतात. नंबर ज्याच्या नावावर आहे त्यानंच जावं लागतं. वडिलांच्या नावावरचं सिम मुलगा वापरत असेल तर वडिलांना घेऊन जा. आधाराची झेरॉक्स रस्त्यावरच्या छत्रीखालच्या विक्रेत्याकडं ठेवून येऊ नका, आणि अंगठा एकाहून जास्त वेळा मागितला तर कारण विचारा.

त्याच सर्कलमध्ये साधारण ३ कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून ५. जुनं सिम बंद पडेपर्यंत तेच फोनमध्ये ठेवा. ते बंद झालं की नवं घालून फोन बंद-चालू करा, व्होएलटीई आणि वायफाय कॉलिंग सुरू करा. नेट येत नसेल तर ॲक्सेस पॉइंट नेम या सेटिंगमध्ये 'रिसेट टू डिफॉल्ट' दाबा. जुन्या प्रीपेडमधली उरलेली शिल्लक आणि डेटा सोबत येत नाही, म्हणून रिचार्ज संपत आल्यावरच पोर्टचा एसएमएस पाठवा.